पिल्लू शिंकतंय? औषधाच्या पुडीआधी खुराड्याची हवा बघा

पावसाळा लागला की नवी मुंबईतल्या घणसोली, कोपरखैरणे, दिवाळ्याच्या गावठाणांत आणि ठाण्यातल्या येऊरच्या पाड्यांवर घरामागे कोंबड्या पाळणाऱ्यांचा एकच प्रश्न असतो: "पिल्लं शिंकतायत, नाक गळतंय, काय देऊ?" उत्तर बहुतेकदा पशुऔषधांच्या दुकानातून येतं, पुडीच्या रूपात. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुडी बंद होते, आठवड्याने घुरघुर परत सुरू. त्यात मध्येच बर्ड फ्लूची बातमी येते. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीत तो सापडला, जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरमध्ये. मग शिंकणाऱ्या प्रत्येक पिल्लाकडे लोक भीतीने बघू लागतात.

शिंक हे लक्षण आहे, रोग नव्हे. तिच्यामागे निदान सहा-सात वेगवेगळी कारणं असू शकतात आणि पुडीतलं प्रतिजैविक, म्हणजे जिवाणू मारणारं औषध, त्यांतल्या काहींवरच चालतं. आपल्या दमट हवेत तर पुष्कळदा सुरुवात जंतूपासून होतच नाही. ती होते खुराड्यात अंथरलेल्या ओल्या तुसापासून.

कोंबडीचा श्वास लोहाराच्या भात्यासारखा

आपली फुप्फुसं फुगतात आणि आकसतात. कोंबडीची तशी नाहीत. ती बरगड्यांना घट्ट चिकटलेली असतात आणि जवळजवळ हलत नाहीत. हवा ओढण्याचं काम करतात नऊ पातळ पिशव्या, हवेच्या पिशव्या. मानेपासून पोटापर्यंत त्या पसरलेल्या असतात, काहींचे फाटे तर हाडांतही शिरतात. लोहार भाता दाबतो तशी छाती आणि पोट या पिशव्या दाबतात. आपल्याला असतो तसा छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा तिला नसतो. म्हणून पिल्लू मुठीत घट्ट धरलं तर नाक-तोंड मोकळं असूनही ते गुदमरतं. लहान मुलांच्या हातात पिल्लू देताना हे आधी सांगा.

या रचनेतून दोन गोष्टी घडतात. एक म्हणजे नाकात शिरलेला जंतू थेट पोटापर्यंत उतरू शकतो. दुसरी म्हणजे या पिशव्यांना रक्तवाहिन्या फार थोड्या. औषध रक्तातून जातं. जिथे रक्तच कमी, तिथे औषधही कमी. रस्ता नसलेल्या पाड्यावर रुग्णवाहिका फाट्यापाशीच थांबते, तसंच हे. आजार नाकात आणि श्वासनळीत आहे तोवर उपचार सोपा असतो, पिशव्यांत उतरला की लांबतो. म्हणून पहिले दोन दिवस हातचे जाऊ देऊ नका.

श्वासनळीतला केरसुणीवाला

श्वासनळीच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केस असतात. ते सतत हलत राहतात आणि धूळ, चिकटा, जंतू घशाकडे ढकलत राहतात. घरात दिवसभर केर काढणारं कुणी असावं, तसं.

पिल्लांची विष्ठा ओल्या तुसात मिसळली की त्यातून अमोनिया वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, मुतारीसारखा वास येतो, तोच तो. त्याचं प्रमाण हवेच्या दहा लाख भागांत २० ते २५ भागांवर गेलं की हे केस लुळे पडू लागतात. केर साचतो आणि एरवी काहीही न करणारे जंतू तिथेच रुजतात.

फसगत अशी की आपण उभे असतो आणि पिल्लू जमिनीपासून चार बोटांवर श्वास घेत असतं. उभ्याने वास येत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो. पहाटे खुराडं उघडण्याआधी गुडघ्यांवर बसा, नाक पिल्लांच्या उंचीला न्या आणि दोन-तीन श्वास घ्या. नाकात झोंबलं तर रात्रभर पिल्लांना तेच मिळालेलं आहे.

दुसरी परीक्षा हाताची. ड्रिंकरजवळचं, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या भांड्याजवळचं, मूठभर तूस घट्ट दाबून मूठ उघडा. तूस विस्कटून पडलं तर ठीक. लाडवासारखा गोळा राहिला तर ते ओलं आहे, त्याच दिवशी काढा.

निळ्या ताडपत्रीचा घोटाळा

पाऊस आत येऊ नये म्हणून खुराड्याला चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळली जाते. हेतू चांगला, परिणाम वाईट. पाणी बाहेर राहतं, पण वाफ, धूळ आणि अमोनिया आत कोंडतो. पिल्लाला झुळूक अंगावर नको असते, पण हवा बदलती हवीच असते.

आपल्याकडे पावसाची झड मुख्यतः पश्चिम आणि नैऋत्येकडून येते. ताडपत्री त्या बाजूला खालून वर बांधा आणि छताखाली सगळीकडे निदान एक फूट जाळी उघडी ठेवा. छपराचा पत्रा दोन-तीन फूट पुढे काढला तर झड त्या फटीतून आत येत नाही. जमिनीवर दोन ते तीन इंच कोरडं भाताचं तूस पसरा. ड्रिंकरची कड पिल्लाच्या पाठीच्या उंचीला येईल अशी विटेवर ठेवा. सांडलेलं पाणी हेच ओल्या तुसाचं सगळ्यात मोठं कारण आहे. पहिल्या महिन्यात पिल्लामागे अर्धा चौरस फूट जागा लागते, पुढे दोन महिन्यांची होईपर्यंत एक चौरस फूट. बरेच जण दहा पिल्लं आणून त्याच पेटीत दोन महिने ठेवतात. आजार तिथेच तयार होतो.

ओल्या तुसावर चुना भुरभुरवायचा असं पुष्कळांना सांगितलेलं असतं. पिल्लं आत असताना हे करू नका. चुन्यामुळे तूस अल्कधर्मी होतं आणि त्यातला अमोनिया आणखी जोरात बाहेर पडतो, शिवाय चुन्याची धूळ डोळ्यांत आणि नाकात जाते. चुना कामाचा आहे तो खुराडं रिकामं करून धुतल्यावर जमिनीला लावायला. पिल्लं आत असताना ओलं तूस उचलायचं आणि कोरडं टाकायचं, एवढंच.

वय आणि वेग बघा, आजार ओळखू येतो

नुसत्या शिंकेवरून नेमका आजार कुणालाच सांगता येत नाही, डॉक्टरांनाही नाही. पण पिल्लाचं वय आणि आजार पसरण्याचा वेग बघितला की अंदाज बराच जवळ जातो.

पहिल्या तीन आठवड्यांत पिल्लू मान ताणून, चोच उघडून श्वास घेतंय, पण घुरघुर ऐकू येत नाही: बुरशीचा संशय घ्या. ओला पेंढा, कोंदट वासाचा भुसा, कुबट खाद्य यांतली बुरशी फुप्फुसात उतरते. तिथे टाचणीच्या डोक्याएवढ्या पिवळट गाठी होतात. यावर प्रतिजैविक चालत नाही. बुरशीवर लागू पडणारं सोपं औषधही नाही. सगळं तूस आणि खाद्य त्याच दिवशी बदलणं हाच उपाय. न लागलेली पिल्लं त्याने वाचतात.

तीन ते आठ आठवड्यांची पिल्लं, आज एक, चार दिवसांनी दुसरं असं हळूहळू पसरतंय, डोळ्यांत फेस, वाढ खुंटलेली: हा बहुधा सीआरडी, म्हणजे मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा चिवट श्वसनरोग. याचा आवाज रात्री पकडता येतो. दिवा बंद करून, पिल्लं शांत झाल्यावर खुराड्याशी दोन मिनिटं उभे राहा. ओल्या नळीतून हवा जावी तशी खर्र-खर्र ऐकू आली तर सकाळी वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

एक-दोन दिवसांत जवळजवळ सगळी पिल्लं शिंकायला लागली, मान मात्र सरळ आहे: विषाणूजन्य ब्राँकायटिस, म्हणजे श्वासनळ्यांची सूज, असू शकतो. पिल्लांना ऊब आणि कोरडी जागा द्या, विषाणूवर औषध नाही.

चेहरा एका बाजूने सुजून डोळा मिटलाय आणि नाकाला दुर्गंधी येतेय: कोरायझा, म्हणजे जिवाणूमुळे होणारी सर्दी. तो बहुधा थोड्या मोठ्या पक्ष्यांत दिसतो. तोंडात पिवळट खपल्या आणि तुऱ्यावर फोड: देवी. डास ती पसरवतात आणि पावसाळ्यात आपल्याकडे डासांना तोटा नाही.

हिरवी हगवण, लुळे पंख, वाकडी होणारी मान आणि धडाधड मर: मानमोडी, म्हणजेच राणीखेत. आज उत्तराखंडात असलेल्या राणीखेतमध्ये १९२७ साली तो भारतात नोंदवला गेला, म्हणून हे नाव. त्यावरही औषध नाही.

एक शिंक मात्र निरुपद्रवी असते. राणीखेतची लस दिल्यानंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पिल्लं हलकी शिंकतात. खाणं-पिणं नीट असेल तर काही देऊ नका, आठवड्याभरात ती थांबते. लांबली आणि घुरघुर वाढली तर समजा की पिल्लांत सीआरडी आधीच लपलेला होता, लसीने तो उघड केला.

पहिल्या दिवशी काय करायचं

शिंकणारं पिल्लू वेगळं काढा. भोकं असलेला प्लास्टिकचा क्रेट, खाली तूस, वर जाळी. मांजर आणि उंदीर पोहोचणार नाहीत अशा जागी, बाकीच्या पिल्लांपासून निदान दहा-बारा फुटांवर. खाणं-पाणी आधी निरोगी पिल्लांचं करा, मग आजारी पिल्लांचं. क्रम उलटा झाला की जंतू तुमच्या हातावरून प्रवास करतो.

आजारी पिल्लाला वयापेक्षा थोडी जास्त ऊब लागते. निरोगी पिल्लाला पहिल्या आठवड्यात ३५ अंश सेल्सिअस, मग दर आठवड्याला तीन अंश कमी, हा सर्वसाधारण हिशेब. तीन-चार आठवड्यांच्या आजारी पिल्लाला ३० च्या आसपास ठेवा, त्याहून लहान असेल तर वयाच्या आकड्याखाली जाऊ नका. क्रेटच्या एकाच कोपऱ्यावर दिवा लावा, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडेल. सगळी दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला पळून चोच उघडून धापा टाकतायत तर उकाडा.

नाकाची खपली काढा, कारण चोच उघडून श्वास घेणारं पिल्लू खात नाही. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात ९ ग्रॅम मीठ टाका. कापूस त्यात भिजवून, पिळून नाकपुडीवर अर्धा मिनिट धरा. खपली मऊ झाली की पुसून घ्या. डोळा आतून बाहेरच्या बाजूला पुसायचा आणि प्रत्येक डोळ्याला नवा कापूस घ्यायचा.

नाकात तेल सोडू नका. पातळ असो की घट्ट, ते फुप्फुसात उतरतं. पाणी पाजतानाही जपा. पिल्लाची चोच उघडून बघा: जिभेच्या मुळाशीच एक उभी फट उघडझाप करताना दिसते. तीच श्वासनळी. सिरिंजने तोंडात धार सोडली की पाणी सरळ तिच्यात जातं. चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, पिल्लू स्वतः गिळतं.

प्रतिजैविक कधी, किती

सीआरडी किंवा कोरायझाचा संशय असेल तर ते उपयोगी पडतं. डॉक्सिसायक्लिन आणि टायलोसिन ही नावं तुमच्या कानावर आली असतील. कोणतं आणि किती, हे डॉक्टर ठरवतील. दिलेली मात्रा पिल्लांच्या पोटात जाते की नाही हे मात्र तुम्हालाच बघायचं आहे, आणि चुका सगळ्यात जास्त तिथेच होतात.

समजा डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन किलोला २० मिलीग्रॅम लिहून दिलं आणि तुमच्याकडे २५० ग्रॅमची दहा पिल्लं आहेत. एकूण वजन अडीच किलो, म्हणजे दिवसाला ५० मिलीग्रॅम. पुडीवर १० टक्के लिहिलं असेल तर एक ग्रॅम भुकटीत १०० मिलीग्रॅम औषध असतं, तुम्हाला अर्धा ग्रॅम पुरे. "चिमूटभर" म्हणजे किती, हे चिमटीगणिक बदलतं. त्याऐवजी पाच ग्रॅम भुकटी १०० मिलीलिटर पाण्यात विरघळवा; त्यातले १० मिलीलिटर म्हणजे बरोबर अर्धा ग्रॅम. ते सकाळी ३०० मिलीलिटर पिण्याच्या पाण्यात मिसळा, म्हणजे सकाळच्या वेळातच संपेल. मग साधं पाणी ठेवा. द्रावण रोज नवं करा.

डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला चिकटतं आणि मग रक्तात जात नाही. त्या दिवसांत पाण्यात कॅल्शियमचं टॉनिक घालू नका, शिंपल्याची भुकटीही देऊ नका. भांडं प्लास्टिकचं वापरा, जस्ताच्या मुलाम्याचं नको. टायलोसिन कडू असतं, पाणी कमी प्यायलं जातं. सगळ्यात आजारी पिल्लू सगळ्यात कमी पितं, म्हणून त्याला वेगळं, चोचीच्या कडेने द्यावं लागतं.

टियाम्युलिन नावाचं औषध दिलं गेलं तर खाद्याच्या पोत्यावरची चिठ्ठी आधी वाचा. त्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही रक्ती हगवणीवरची औषधं असतील तर दोन्ही मिळून पिल्लं लुळी पडतात आणि मरतात. पुडीवर कोलिस्टिन लिहिलेलं असेल तर ती घेऊ नका. माणसांसाठी अखेरचा उपाय म्हणून राखलेल्या या औषधावर भारतात २०१९ पासून खाद्य-जनावरांसाठी बंदी आहे.

"दोन दिवसांत बरी झाली, मग पाच दिवस कशाला?"

दोन दिवसांत मरतात ते कमजोर जंतू. उरतात ते चिवट, आणि पुढची पिढी त्यांची होते. पुन्हा तीच पुडी लागू पडत नाही ती यामुळे. सांगितलेले दिवस पूर्ण करा. उलट तीन दिवसांत काहीच फरक पडला नाही तर मात्रा वाढवू नका, डॉक्टरांना कळवा. निदानच चुकलेलं असू शकतं.

"शेजाऱ्याच्या पिल्लांना हळदीने आणि धुरीने बरं वाटलं"

खाद्यात हळद टाकल्याने नुकसान नाही, पण मायकोप्लाझ्मा तिने जात नाही. ब्राँकायटिससारखे आजार ऊब मिळाली की पुष्कळदा आपोआप उतरतात आणि श्रेय हळदीला मिळतं. धुरीचं मात्र ठाम सांगतो: ओव्याची असो, धूपाची असो की कडुनिंबाची, बंद खुराड्यात देऊ नका. आधीच लुळे पडलेले केस धुराने आणखी लुळे पडतात.

"दहा पिल्लांसाठी डॉक्टर कशाला?"

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दहा पिल्लांनाही सल्ला मिळतो. १९६२ या क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागता येते. मेलेलं पिल्लू ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. दुहेरी पिशवीत बांधा, बर्फावर ठेवा, गोठवू मात्र नका, आणि त्याच दिवशी दवाखान्यात पोहोचवा. छाती उघडली की बुरशीच्या गाठी आणि हवेच्या पिशव्यांतला पिवळा साका बऱ्याचदा डोळ्यांनीच दिसतो. राज्याची रोगनिदान प्रयोगशाळा पुण्यात औंधला आहे. लागलं तर नमुना तिथे पाठवतात.

इथे उपचार करायचे नाहीत

एक-दोन दिवसांत अचानक बरेच पक्षी मेले, तुरा जांभळा पडला, डोकं सुजलं किंवा आसपास बगळे-कावळे मरून पडलेले दिसले, तर बर्ड फ्लूचा संशय घ्या आणि पुडी बाजूला ठेवा. पिल्लू उचलून दवाखान्यातही नेऊ नका. दवाखान्याला फोन करा. लागण जाहीर झाली तर एक किलोमीटरचा परिसर बाधित धरला जातो आणि दहा किलोमीटरपर्यंत पाहणी होते. २००९ च्या कायद्याप्रमाणे असा आजार कळवणं पाळणाऱ्यावर बंधनकारक आहे. कळवलं तर कोंबड्या जातील ही भीती खरी आहे. न कळवता मेलेली पिल्लं खाडीत टाकली तर ती कुत्र्या-कावळ्यांमार्फत दहा घरांत जातात.

ठाणे खाडी पाणपक्ष्यांची आहे, रोहित पक्ष्यांसाठी ती अभयारण्यही झाली आहे. पाणपक्षी हा विषाणू वाहू शकतात. खाडीकाठच्या गावठाणांत पिल्लं पाणथळ जागी चरायला सोडू नका आणि त्यांचं खाणं उघड्यावर ठेवू नका.

"मग अंडी-मटण खायचं की नाही?" ७० अंशांवर नीट शिजलेल्या अन्नात हा विषाणू टिकत नाही. धोका ताटात कमी, आजारी पक्षी कापताना आणि पिसं काढताना जास्त. म्हणून आजारी पक्षी घाईने कापून संपवू नका. राणीखेतच्या विषाणूनेही हाताळणाऱ्याचे डोळे येऊ शकतात. साबणाने हात धुतल्याशिवाय डोळ्याला हात लावायचा नाही.

औषध दिलेल्या पक्ष्याचं मांस आणि अंडी किती दिवस वर्ज्य, ते वेष्टनावर लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर २०१२ पासूनच्या नियमाप्रमाणे अंडी निदान ७ दिवस आणि मांस २८ दिवस वापरायचं नाही.

बरं झालेलं पिल्लू आणि पुढची खेप

सीआरडीतून उठलेली कोंबडी धडधाकट दिसते, पण जंतू तिच्यात राहतो आणि अंड्यातून पिल्लांतही उतरतो. तिची अंडी खाण्यासाठी चालतील, खुडुक कोंबडीखाली बसवायला नकोत. बाजारातून आणलेली पिल्लं, रंग लावून विकली जाणारी तर नक्कीच, महिनाभर वेगळी ठेवा. त्यांना लस मिळालेली असेल असं गृहीत धरू नका.

खुराडं रिकामं झालं की आधी खरवडा, साबणाने धुवा, वाळवा, मगच जंतुनाशक लावा. घाणीवर ओतलेलं जंतुनाशक घाणीतच संपतं. मग दोन-तीन आठवडे ते रिकामं राहू द्या.

लसीचा क्रम लहान आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची एफ-१ किंवा लासोटा लस, डोळ्यात एक थेंब. साधारण चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची, आठव्या आठवड्यात राणीखेतचीच आरटूबी लस टोचून. आजारी पिल्लांना लस देऊ नका. पाण्यातून द्यायची असेल तर पालिकेच्या नळाचं पाणी तसंच वापरू नका, त्यातलं क्लोरीन लस मारतं. उकळून रात्रभर उघडं ठेवलेलं पाणी घ्या आणि लिटरला पाच-सहा ग्रॅम सायीविरहित दुधाची पावडर मिसळा. कुपी दोन ते आठ अंशांत, बर्फाच्या डब्यातून आणा. एका कुपीत शंभराहून जास्त मात्रा असू शकतात आणि विरघळवल्यावर ती दोन तासांत संपवावी लागते. म्हणून आळीतल्या पाच-सहा घरांनी पिल्लं एकाच आठवड्यात आणावीत, एकच कुपी आणावी आणि एकाच सकाळी, उन्हं चढायच्या आत, सगळ्यांच्या पिल्लांच्या डोळ्यांत थेंब टाकून घ्यावा.